अ‍ॅम्प विकल्यानंतरची गिटार

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा पलंग हॉलमध्ये आला. डोंबिवलीत आमचं घर वन बीएचके, आणि माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारा वीस वॉटचा अ‍ॅम्प त्याच हॉलच्या कोपऱ्यात. आई काही बोलल्या नसत्या. पण गोळी घेऊन झोपलेल्या माणसाच्या उशाशी रात्री गिटार वाजवू नये, हे सांगायला कुणी लागत नाही. मी बँकेतून घरी पोचते आठ वाजता, रियाजाला बसायला दहा वाजतात. अ‍ॅम्प विकून टाकला.

दुसरीकडे आमचा भावगीतांचा आठ जणांचा ग्रुप. महिन्या-दोन महिन्यांनी कल्याण, ठाणे, कधी बदलापूर असे कार्यक्रम असतात. तिथे मी जाते लोकलने, पाठीवर गिटारची बॅग घेऊन, लेडीज डब्यातून. अ‍ॅम्प तिथेही कधी नेता आला नाही. हॉलवर साउंडवाल्याचा मिक्सर आणि मोठे स्पीकर असतात, त्यातच पिन लावायची. म्हणजे मला असं काहीतरी हवं होतं जे घरी हेडफोनवर चालेल, हॉलमध्ये मिक्सरवर चालेल आणि गिटारच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मावेल.

तोवर माझ्याकडे होतं एकच डिस्टॉर्शनचं पेडल, पायाने दाबलं की गिटारचा आवाज खरखरीत करणारं. त्या वर्षी गणपतीत एका सोसायटीच्या मांडवात मी ते सरळ मिक्सरमध्ये लावलं. पेडल बंद असताना गिटार अंगावर गोधडी घेतल्यासारखी, बोथट. पेडल दाबलं की कानात करवत फिरल्यासारखा कर्कश आवाज. घरी अ‍ॅम्पवर हेच पेडल किती गोड वाजायचं. गिटार तीच, हात तोच. कार्यक्रम संपेपर्यंत मी पेडलला पाय लावला नाही, आणि रात्री घरी येऊन हे असं का झालं ते शोधायला बसले.

या शोधाने पुढची सगळी खरेदी ठरवली, म्हणून थोडं सविस्तर सांगते. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे तारेचं वेटोळं. त्याचा सिग्नल नाजूक असतो. त्याला समोर मोठ्या विद्युतरोधाचं, साधारण एक मेगओमचं (हजार किलोओमचं) इनपुट लागतं, गिटारचे अ‍ॅम्प आणि पेडल तसेच बनवलेले असतात. मिक्सरचं लाइन इनपुट बहुतेक वेळा दहा-वीस किलोओमचं. त्यात गिटार थेट लावली की वरचे सूर गळून पडतात. माझं पेडल बंद असताना सिग्नल तसाच पुढे सोडत होतं, माझा बोथट आवाज त्यातला.

कर्कशपणाचं कारण वेगळं आहे. गिटार अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर सगळे सूर वाजवतच नाही. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर तो झपाट्याने गप्प होतो. डिस्टॉर्शनमधून जो किरकिरा भाग वर तयार होतो, तो हा स्पीकर गाळून टाकतो आणि आपल्यापर्यंत उरलेला आवाज पोचवतो. पीठ चाळणीतून येतं तसा. हेडफोन आणि हॉलचे स्पीकर मात्र वीस हजार हर्ट्झपर्यंत सगळं वाजवायला बनवलेले. मी इतकी वर्षं ज्याला ‘पेडलचा आवाज’ म्हणत होते, तो निम्मा स्पीकरचा आवाज होता. तो स्पीकरच मी विकला होता.

म्हणजे नव्या वस्तूत मला शोधायची होती ती चाळणी. तिला कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल, म्हणतात. आता बऱ्याच यंत्रांत ती आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्सच्या रूपात असते: खऱ्या स्पीकरसमोर माइक ठेवून घेतलेला त्याच्या आवाजाचा ठसा. कल्पना जुनीच आहे. ‘बोस्टन’ बँडचा गिटारिस्ट टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याने 1982 मध्ये पट्ट्याला अडकवायचा रॉकमन नावाचा छोटा अ‍ॅम्प बाजारात आणला, तो हेडफोनवर वाजवण्यासाठीच. अ‍ॅम्पशिवाय वाजवणाऱ्यांची अडचण त्या माणसाने तेव्हाच ओळखली होती, आणि मला त्याच्याविषयी मनापासून आदर आहे.

पहिला प्रयोग केला प्लगवर. व्हॉक्सच्या अ‍ॅमप्लगसारखी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, गिटारलाच टोचायची, दोन बारके सेल घालायचे, हेडफोन लावायचा. ग्रुपमधल्या एका मुलाने आठवडाभर वापरायला दिला. घरच्या रियाजासाठी मला तो फार आवडला. उचलली गिटार, टोचला प्लग, वाजवायला सुरुवात. फेंडरच्या मस्टँग मायक्रोत तर बारा अ‍ॅम्पचे आवाज आहेत आणि चार्जिंगवर सहा तासांपर्यंत चालतो असं कंपनी सांगते. फक्त घरी वाजवणाऱ्या कुणालाही मी आजही आधी हेच सांगेन. माझं त्याने भागणार नव्हतं, कारण अंतऱ्यातून ध्रुवपदावर येताना मला साध्या आवाजावरून डिलेवर, म्हणजे सूर मागून पुन्हा ऐकवणाऱ्या आवाजावर, जायचं असतं, आणि दोन्ही हात कामात असतात. पायाने बदलता येईल असंच काहीतरी हवं.

त्याच आठवड्यात ब्लूटूथ हेडफोनचाही नाद संपला. वायर नको म्हणून फोनमधून गिटार वाजवून पाहिली, तर तार छेडल्यावर आवाज मागाहून येतो. ब्लूटूथला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे दीडशे मिलिसेकंदांचा उशीर हा अ‍ॅम्प पन्नास मीटर लांब ठेवून वाजवण्यासारखा. तालात राहणं शक्यच नाही. गाणं ऐकायला ब्लूटूथ चालतं, वाजवायला वायरचाच हेडफोन घ्या. गिटारसाठी खास बनवलेले बिनवायरी हेडफोन असतात, त्यांचं तंत्र वेगळं आणि किंमतही वेगळी.

मग आला प्रोसेसर, म्हणजे अ‍ॅम्प, कॅबिनेट आणि पेडलं यांचे आवाज एकत्र असलेलं, पायाने चालवायचं यंत्र. इथे मी मित्राकडून एक छोटा प्रोसेसर मागून आणला. हेडफोनवर सुंदर वाजला, कॅबिनेट होतं, सगळं होतं. कल्याणच्या कार्यक्रमात साउंड चेकला लावला तर गिटार गायब.

साउंडवाला दादा मिक्सरमागून ओरडला, “ताई, गिटार येतच नाहीये. लांबून कुठूनतरी नुसती घुमतेय.”

मी बॅटरी पाहिली, पॅच (यंत्रात साठवलेले तयार आवाज) बदलले, गिटारचा जॅक हलवला. खरंच, सूर नव्हता. फक्त त्याच्यामागची रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने घातलेला घुमारा, येत होती, रिकाम्या विहिरीत कुणी वाजवावं तशी. दादा स्टेजवर आला, माझी वायर उपटून पिनकडे पाहिलं. पिनेवर दोन काळ्या रेषा.

“स्टिरिओ वायर लावलीत. एका रेषेची द्या.”

त्याने आपल्या पेटीतली साधी मोनो वायर लावली आणि गिटार जागेवर आली. कारण नंतर समजलं. त्या प्रोसेसरला हेडफोन आणि लाइन यांसाठी मिळून एकच स्टिरिओ आउटपुट होतं. मिक्सरचं इनपुट बॅलन्स्ड असतं, ते दोन तारांमधला फरक घेतं. डाव्या-उजव्या दोन्हींत सारखा असलेला सूर एकमेकांतून वजा झाला, आणि दोन्हींत वेगवेगळी असलेली रिव्हर्ब तेवढी उरली. यंत्राचा काहीच दोष नव्हता. पण अंधाऱ्या स्टेजवर, घाईत, मला असं आउटपुट नको. हेडफोनचं भोक वेगळं आणि मिक्सरचं वेगळं, ही माझी अट तिथे नक्की झाली.

त्यानंतर एका शनिवारी धोबीतलावला वाद्यांच्या दुकानात गेले, आपली गिटार आणि आपला हेडफोन घेऊन. हे दोन्ही आपलंच न्यावं. दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळंच छान वाजतं. विक्रेता आधी सगळ्यात भपकेदार पॅच लावून दाखवतो, डिले आणि कोरसने भरलेले. मी म्हटलं, सगळं बंद करा, फक्त एक अ‍ॅम्प आणि कॅबिनेट ठेवा. हळू छेडलं तर आवाज मऊ होतो का, जोरात छेडलं तर उभा राहतो का, गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की ड्राइव्ह (खरखर) निवळते का, एवढंच बघत तासभर बसले. झूमचा जी वन एक्स फोर हा प्रोसेसर हातात घेतला तेव्हा वजनाने मोह पडला, इतका हलका. पण लाइन आणि हेडफोन एकाच भोकात. बॉसचा जीटी-1 जड, सव्वा किलोच्या थोडा वर, पण आउटपुट वेगळं, हेडफोन वेगळा, पायाचं पेडल दणकट, आणि चार पेन्सिल सेलवर चालणारा. स्वतःचे आयआर त्यात भरता येत नाहीत. मला साधा आणि थोडा खरखरीत एवढे दोनच आवाज लागतात, माझं अडलं नाही. भरपूर डिस्टॉर्शन वाजवणाऱ्याने मात्र आयआर भरता येणारं यंत्र बघावं.

नवा परवडत नव्हता. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या मुलाकडून वापरलेला जीटी-1 घेतला. घरी आणला, हेडफोन लावला, आणि पुन्हा तीच करवत! पोटात गोळा आला. आई जाग्या होत्या, म्हणाल्या, “काय गं, बिघडलेला दिलाय का?” मला तसंच वाटलं. पैसे देऊन झाले होते.

मग सिस्टिमच्या मेनूत आउटपुट सिलेक्ट सापडलं. यंत्र कशाला जोडलंय ते तिथे सांगायचं असतं. आधीचा मुलगा अ‍ॅम्पवर वाजवायचा, त्याने ‘कॉम्बो अ‍ॅम्प’ ठेवलेलं. प्रोसेसरला वाटत होतं की पुढे खरा स्पीकर आहे, त्यामुळे चाळणी त्याने काढून ठेवली होती. बटण फिरवत ‘लाइन/फोन्स’वर आले. एका क्षणात करवत थांबली आणि माझा विकलेला अ‍ॅम्प कानात वाजू लागला. थोडा लांबून, पण तोच. त्या रात्री साडेबारापर्यंत वाजवलं. वापरलेला प्रोसेसर घेणाऱ्या प्रत्येकाने पॅच ऐकण्याआधी ही एक जागा तपासावी, नाहीतर चांगलं यंत्र वाईट म्हणून परत जाईल.

अ‍ॅडॉप्टरची गोष्ट थोडक्यात. लॅमिंग्टन रोडवर नऊ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर ढिगाने मिळतात, पण गिटारच्या बहुतेक वस्तूंना पिनेच्या मधे ऋण आणि बाहेर धन लागतं, आणि तिथले बरेच याच्या उलट असतात. व्होल्टेज जुळलं म्हणून टोचू नका, पिनेचं चित्र बघा. मी घरी योग्य पिनेचा अ‍ॅडॉप्टर वापरते आणि कार्यक्रमाला नवे सेल घालते. सभागृहातल्या अर्थिंगचा काही भरवसा नसतो, आणि सेलवर असलं की अ‍ॅडॉप्टरमुळे येणारी घुं तरी टळते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पॅचवर, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. रात्री हेडफोनवर हळू आवाजात बनवलेला पॅच हॉलमध्ये तसाच वाजत नाही. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून आपण तो वाढवतो. हेडफोनवर खोलीच नसते, म्हणून रिव्हर्ब वाढवतो. हॉलमध्ये गेल्यावर खर्ज तबल्याच्या डग्ग्यावर चढतो आणि रिव्हर्ब हॉलच्या घुमाऱ्यात मिसळून शब्दांवर पसरते. भावगीतात शब्दावर पसरणं हा गुन्हाच. आता माझे प्रत्येक आवाजाचे दोन पॅच आहेत, एक घरचा आणि एक हॉलचा. हॉलच्यात खर्ज उतरवलेला, रिव्हर्ब जवळजवळ शून्य, आणि सोलोचा पॅच ऱ्हिदमपेक्षा फक्त किंचित वर. हे मोजायला मी कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास आधी पोचते, आणि ग्रुपमधली गायिका हॉलच्या शेवटच्या रांगेत उभी राहून हाताने वर-खाली सांगते.

मागच्या महिन्यात बदलापूरला नवीन साउंडवाला होता. माइकचा स्टँड घेऊन माझ्याकडे आला आणि इकडेतिकडे बघू लागला.

“ताई, अ‍ॅम्प कुठे ठेवलाय? माइक लावतो.”

मी पायाशी बोट दाखवलं आणि मोनो वायरचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ते मिक्सरला लावलं, मी सहा तारा एकदा सावकाश छेडल्या. तो काही क्षण ऐकत राहिला, मग माइकचा स्टँड उचलून बासरीवाल्याकडे घेऊन गेला.