पाव टक्क्याचं पाणी

इचलकरंजीजवळच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, त्या दिवशी मला बँकेसाठी एवढंच तपासायचं होतं, की रंगाईचं किती पाणी साफ होऊन पुन्हा वापरात येतं. कंपनीचं कर्ज ४० कोटींचं. ग्रीन लोनचा पैसा ठरलेल्या प्रकल्पातच घालावा लागतो. हे तसलं नव्हतं. पैसा कुठंही लावा, पण ७० टक्के पाणी फिरवलंत तर व्याजात पाव टक्का सूट. म्हणजे वर्षाला १० लाख.

रजिस्टरात ७२ टक्के. इतकं नीटनेटकं रजिस्टर, की तिथंच शंका आली. ईटीपीवरच्या, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटवरच्या वहीवर निदान चहाचा डाग तरी असतो. पाणी मेंब्रेनच्या पडद्यातून गाळणाऱ्या आरओच्या पंपाच्या वीजमीटरची रीडिंग मागवली. महिन्यातल्या ९ रात्री पंप बंद, आणि त्याच रात्री पुनर्वापराच्या मीटरवर पाणी पळतंय!

ऑपरेटरनं फार ताणलं नाही. "मेंब्रेन चोक झाल्यात साहेब. रात्री बोअरचं पाणी त्याच लायनीत सोडतोय. मीटरला काय कळतंय पाणी कुठलं ते?" बायपासचा व्हॉल्व्हही त्यानंच दाखवला. त्या रात्री वजा केल्या तर आकडा ६१ वर आला.

फायनान्स मॅनेजर नाकाला रुमाल लावून खाली आले. ईटीपीवर पहिल्यांदाच, असं प्लांट मॅनेजर नंतर हळूच म्हणाला. पंचगंगेच्या प्रदूषणावरून नोटिसा आल्या, तेव्हाही ते आले नव्हते. नव्या मेंब्रेनचं कोटेशन दोन वर्षं फायलीत पडून होतं, त्यावर संध्याकाळी सही झाली. १० लाखांची ताकद!

निघताना पाहिलं, तर एक पोरगा पंपातला कचरा काढायला सांडपाण्याच्या टाकीत उतरत होता. ना पट्टा, ना गॅस डिटेक्टर. अशा टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूनं माणूस हाक मारायच्या आत पडतो. मी ओरडून त्याला वर काढला.

सेबीचा बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानं पहिल्या १००० कंपन्यांना सक्तीचा आहे; त्यात कामगारांच्या अपघातांचेही आकडे द्यावे लागतात. ही कंपनी बाजारात नोंदलेलीच नाही. आणि कर्जाच्या करारात निकष एकच, पाणी.

तरी टाकीचा परिच्छेद मी अहवालात घातला. बँकेचा मेल आला: कराराच्या कक्षेबाहेरचा मजकूर वगळावा. मी तो तसाच ठेवून अहवाल परत पाठवला. आठवड्यानं दुसरा मेल आला. पाण्याचे आकडे तेवढे वेगळ्या पानावर द्या.