रेंजफाइंडर नोंदवही: पॅच जुळला, चौकट अजून जुळत नाही

मंडळी, पॅच जुळला. पॅच म्हणजे रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या फाइंडरमधला मधला छोटा भाग. त्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, लेन्सची रिंग फिरवून त्या एकीवर एक बसल्या की फोकस झाला. जुनी घेतलेली लायका एम टाइप २४० हातात आली तेव्हा लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यात दूरच्या फोकसवर, टेकवली तरी पॅचमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसत नव्हत्या. केसभर फरक राहायचा. बरीच वर्षं वापरलेल्या बॉडीत हे होतंच, कारण हा सगळा खेळ लेन्सच्या मागच्या कडेवर टेकलेल्या एका छोट्या चाकावर आणि त्याच्या दांडीवर चालतो. ते चाक मध्यापासून जरा बाजूला बसवलेलं असतं. २ मिमीची ॲलन की घालून ते किंचित फिरवलं की अनंताचा बिंदू सरकतो. ‘किंचित’ म्हणजे की फिरली की नाही अशी शंका यावी इतकंच.

नाशकात हे काम सकाळी लवकर करावं. गच्चीवरून पांडवलेणीच्या बाजूचा एक मोबाइल टॉवर दिसतो, तोच मी धरला. ऊन चढलं की गच्च्यांवरची हवा थरथरायला लागते, टॉवर हलल्यासारखा दिसतो आणि पॅच कुठे बसला हे ठरवता येत नाही. उजाडल्यावर तासाभरात काम आटपायचं. अनंत जुळलं की लगेच ०.७ मीटर आणि १ मीटरवर टेप लावून तपासायचं, कारण दूरचं जुळून जवळचं बिघडलेलं असू शकतं.

टाइप २४० चा खरा उपयोग इथे कळला. लायकाच्याच २००९ च्या एम९ मध्ये लाइव्ह व्ह्यू, म्हणजे सेन्सरवरचं चित्र स्क्रीनवर थेट बघायची सोय, नव्हता. फोटो काढा, स्क्रीनवर मोठा करा, चाक फिरवा, परत फोटो काढा, असं करावं लागायचं. २४० मध्ये सेन्सरवरचंच चित्र दहापट मोठं करून बघता येतं, म्हणजे बॉडी स्वतःचाच रेंजफाइंडर तपासून देते. लाइव्ह व्ह्यू आला तेव्हा ‘रेंजफाइंडरमध्ये हे कशाला’ असं म्हणणारे बरेच होते. मला तर हीच त्यातली सगळ्यात रेंजफाइंडरच्या कामाची सोय वाटते.

एवढी काटेकोर जुळणी फिल्मच्या बॉडीत क्वचितच करावी लागे. फिल्म पूर्ण सपाट बसत नाही, तिच्या थराला थोडी जाडी असते, आणि बहुतेकांचे प्रिंट लहान असत. सेन्सर काचेसारखा सपाट असतो आणि आपण त्याचा फोटो शंभर टक्क्यांवर उघडून डोळ्यांच्या पापण्या मोजतो. यांत्रिकी मात्र जवळजवळ तीच राहिली. एम मालिकेत रेंजफाइंडरचा पाया, म्हणजे त्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर, ६९.२५ मिमी. तो जितका जास्त तितका फोकस नेमका. २४० च्या फाइंडरचं मोठेपण (मॅग्निफिकेशन) ०.६८, म्हणजे प्रत्यक्ष उपयोगी पाया सुमारे ४७ मिमी. २०१७ च्या एम१० मध्ये मोठेपण ०.७३ केलं आणि तो ५० च्या वर गेला. ऐकायला फरक थोडा, पण ९० मिमी लेन्स पूर्ण उघडी ठेवून चेहरा काढायचा असेल तेव्हा तो जाणवतो. एम११ ने सेन्सर ६० मेगापिक्सेलवर नेला, पाया तेवढाच ठेवला. बारकावा दाखवायची ताकद वाढली, तो नेमका पकडायची तेवढीच राहिली.

माझ्याकडची रशियन ज्युपिटर-८, म्हणजे ५० मिमी एफ/२, या जुळणीत बसली नाही. ती एम३९ आट्याची (स्क्रूसारखी फिरवून बसणारी), अडॅप्टरवर चढते. या लेन्सचा फोकसचा हिशेब लायकाच्या मापाशी पूर्ण जुळत नाही. अनंत जमवलं तर जवळचं चुकतं, पातळ चकती घालून जवळचं जमवलं तर अनंत जातं. मी तिला जवळच्या चेहऱ्यांसाठी राखून ठेवलीय. दूरच्यासाठी ॲपर्चर एफ/८ ला नेलं की चालून जातं.

पॅच जुळल्यावर कॅमेरा घेऊन गंगेवर गेलो. गोदेच्या घाटावर रेंजफाइंडर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पॅचमधली प्रतिमा फक्त डावी-उजवीकडे सरकते. रामकुंडाच्या पायऱ्या म्हणजे नुसत्या आडव्या रेघा. पॅच पायरीवर ठेवला तर फोकस कुठेही असो, रेघ रेघेवर बसलेलीच दिसते. अशा वेळी कॅमेरा उभा किंवा तिरका धरून फोकस करायचा आणि मग पुन्हा चौकट लावायची. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या खिडक्यांचं उलटं असतं. तिथे उभे गज सारख्या अंतरावर असतात आणि पॅचमध्ये एक गज शेजारच्या गजावर छान बसतो. दिसायला जुळलं, अंतर मात्र भलतंच. गजाला गाठ, तडा, गंजाचा डाग असं काही शोधायचं आणि त्यावर जुळवायचं. हा दोष कोणी काढून टाकू शकणार नाही, तो या पद्धतीतच आहे. मला तो मान्य आहे.

मान्य नाही ती चौकट, म्हणजे फोटोत किती भाग येईल ते दाखवणाऱ्या फाइंडरमधल्या रेघा. मी एवढं लिहायला बसलो तो खरं तर तिच्यासाठी.

तांबट लेनमध्ये एक काका हंड्याच्या बुडावर ठोके घालत होते. प्रत्येक ठोक्याची छोटी चकाकती वाटी उमटत होती, तिच्या शेजारी दुसरी. मला त्या वाट्यांची रांग आणि हातोडीवरची त्यांची बोटं चौकटीत हवी होती. ०.७ मीटरच्या आत रेंजफाइंडर जात नाही, म्हणून ५० मिमी लावून त्या हद्दीवर उकिडवा बसलो. काका म्हणाले, “दादा, उजेड सोडून बसा जरा.” बाजूला सरकलो, फोकस केला, पांढऱ्या रेघांच्या आत हंडा नीट बसवला आणि शटर दाबलं. घरी बघतो तर हंड्याची कड कापलेली.

यामागचं गणित असं. ५० मिमीची साधी लेन्स अनंतावरून ०.७ मीटरवर आणताना साधारण ४ मिमी पुढे सरकते. सरकली की तिचा कोन आकसतो आणि चित्रात येणारा भाग सुमारे ८ टक्क्यांनी अरुंद होतो. फाइंडरमधल्या रेघा फोकसबरोबर खाली-उजवीकडे सरकतात, म्हणजे दिशेचा फरक भरून काढतात. आकार मात्र तोच ठेवतात. म्हणून कंपनीला एक अंतर निवडावंच लागतं. एम८ मध्ये रेघा ०.७ मीटरला जुळवल्या होत्या, एम९ मध्ये १ मीटरला, २४० मध्ये २ मीटरला. एम९ वर डोंगर काढला की रेघांच्या बाहेरचंही बरंच आत येतं. २४० वर डोंगर बऱ्यापैकी जमतो आणि हंड्याची कड जाते. २ मीटर ही निवड मला योग्य वाटते, रस्त्यावरची बहुतेक माणसं त्याच अंतरावर असतात. पण निवडायची वेळच का यावी?

१९५८ च्या कोनिका थ्री-ए मध्ये फोकसबरोबर रेघा सरकायच्या आणि चौकट लहानमोठीही व्हायची. फिल्मच्या काळात, दांड्या-चाकांनी केलेलं काम. तिची लेन्स पक्की होती, बदलती नव्हती, म्हणून ते सोपं गेलं हे खरं. एम मध्ये २८-९०, ३५-१३५, ५०-७५ अशा जोड्या एकाच पट्टीवर कापलेल्या असतात आणि पट्टी काही लहानमोठी होत नाही. पण फुजीने एक्स-प्रो१ मध्ये २०१२ सालीच ऑप्टिकल फाइंडरमध्ये इलेक्ट्रॉनिक चौकट टाकून दाखवली. लेन्स बदलली की चौकट बदलते, अंतराप्रमाणे सरकते. तिथे खराखुरा यांत्रिक रेंजफाइंडर नाही, एवढंच. या दोन गोष्टी एका बॉडीत का येत नाहीत, हा माझा प्रश्न.

आणि माहिती बॉडीकडे जवळजवळ सगळी आहे. लेन्सच्या कडेवरच्या सहा ठिपक्यांच्या कोडवरून कुठली लेन्स लागलीय ते तिला कळतं. पुढच्या छोट्या प्रकाश-सेन्सरवरून ती ॲपर्चरचा अंदाजही बांधते. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकसची रिंग हलवली की चित्र आपोआप मोठं होतं, म्हणजे चाक हललं हे तिला समजतं. आता ते किती हललं एवढं मोजायचं आणि रेघा त्याप्रमाणे रंगवायच्या. २४० मध्ये रेघांना एलईडीचा उजेड दिला, रेघांना उजेड देणारी पूर्वीची खिडकी काढून टाकली, लाल की पांढऱ्या हेही निवडता येतं. रंग निवडायची सोय झाली, आकार तसाच राहिला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या एम ईव्ही१ मध्ये रेंजफाइंडरच काढून आत इलेक्ट्रॉनिक फाइंडर, म्हणजे छोटा पडदा, बसवलाय. चौकटीचा प्रश्न त्यात मिटतो, चश्म्याचा नंबरही लावता येतो. पण मला चौकटीच्या बाहेरचंही बघायचं असतं. घाटावर डावीकडून दिवे घेऊन येणारी बाई चौकटीत शिरायच्या आधीच मला दिसते, त्यासाठी मी या कॅमेऱ्याकडे आलो. पडदा बघून ते मिळत नाही.

आता लेन्सच्या कडांबद्दल. आपल्यातल्या एकाने जुनी रुंद लेन्स दुसऱ्या कंपनीच्या मिररलेस कॅमेऱ्यावर लावून घाटाचा फोटो काढला होता. मध्य सुरेख, कडेची देवळं फरफटलेली. एम माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कडीपासून, सेन्सर २७.८ मिमीवर, आणि जुन्या रुंद लेन्सचं मागचं भिंग त्याच्या अगदी जवळ. कडेला प्रकाश फार तिरका पडतो. सेन्सरपुढची काच जाड असेल तर तो तिरका प्रकाश आणखी विखुरतो. म्हणून लायकाने काच पातळ ठेवली, कडेच्या सूक्ष्म भिंगांना आतल्या बाजूला सरकवलं, आणि त्याची किंमत दोनदा मोजली. २००६ च्या एम८ मध्ये काच इतकी पातळ होती की इन्फ्रारेड अडत नव्हता, काळं सिंथेटिक कापड जांभळट यायचं. कंपनीला ग्राहकांना दोन फिल्टर फुकट द्यावे लागले. एम९ मध्ये जास्त अडवणारी काच घेतली, तर ती दमटपणाने गंजायला लागली आणि सेन्सर बदलून द्यायची वेळ आली. नाशकाच्या पावसाळ्यात कोणी जुनी एम९ घेत असेल तर एफ/२२ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढून शंभर टक्क्यांवर बघा. सेन्सर बदललेला आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

जाडीचं गणितही असंच. फिल्मची एम ३८ मिमीच्या आसपास, २४० ४२ मिमी, एम१० परत ३८.५. ते साधायला एम१० ने व्हिडिओ सोडला आणि बॅटरी १८०० वरून ११०० एमएएचवर आणली. हातात धरून दोन्ही बघितल्या, एम१० निःसंशय जास्त छान बसते. तरी भल्या पहाटे निघून संध्याकाळच्या आरतीपर्यंत थांबायचं तर मी २४० ची बॅटरी निवडेन.

खालची प्लेट काढून कार्ड बदलणं हे मात्र कशासाठी होतं, मला समजत नाही. फिल्म भरायला प्लेट हवी होती, कार्डाला नको. एम११ ने २०२२ मध्ये ती काढली, बॅटरी थेट बाहेर काढता येते, आत ६४ जीबी मेमरीही आहे. फ्रान्सची पिक्सी ही रेंजफाइंडर तर कार्ड ठेवतच नाही, मागे स्क्रीनही नाही, सगळं आतल्या मेमरीत. २००४ ची एप्सन आर-डी१, पहिली डिजिटल रेंजफाइंडर, ६ मेगापिक्सेलची आणि छोट्या सेन्सरची. पण तिचा फाइंडर एकास एक होता, दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरता यायचा. ते पुन्हा कोणी का केलं नाही याचं वाईट वाटतं.

राहाड-रंगपंचमीला (राहाड म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद) हा कॅमेरा घेऊन जाणार असाल तर माझं ऐका, गॅलरीतून काढा. बॉडीला रबरी सील आहेत, लेन्सला नाहीत. राहाडीत उडी पडली की रंगाचं पाणी कुठवर येतं हे जुन्या नाशकाच्या लोकांना सांगायला नको.

सध्या एक तक्ता बनवतोय. ३५ आणि ५० मिमी, ०.७ मीटर, १, २, ५ आणि अनंत. प्रत्येक अंतरावर चित्राची खरी कड पांढऱ्या रेघेच्या आत किती येते की बाहेर किती जाते, ते रेघेच्या जाडीच्या मापात. भिंतीवर मोजपट्ट्या चिकटवून ५० मिमीचं काम झालंय. जवळच्या हद्दीवर चारी बाजूंनी रेघेच्या दोन-तीन जाड्या आत धरलं की कड कापली जात नाही. ३५ चं राहिलंय. तिची रेघ चश्मा घातल्यावर कडेला दिसत नाही, म्हणून आधी फाइंडरवर बसणारी नंबरची काच मागवलीय. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, घाटावर तेव्हा मागे सरकायला जागा मिळणार नाही, सगळं जवळूनच काढावं लागेल. त्याआधी तक्ता पूर्ण करून इथे टाकतो. एम१० किंवा एम११ असलेल्या कोणी तीच मापं आपल्या बॉडीवर घेतली तर शेजारी शेजारी लावून बघता येतील. भिंतीपासूनचं अंतर सेन्सरच्या खुणेपासून मोजा, लेन्सच्या टोकापासून नको.