शेवटचा गुरुवार, फ्लोरिडातला

फ्लोरिडाला जाऊया का, असं मी विचारलं तेव्हा आईनं आधी खिळ्यावरचं कालनिर्णय उतरवलं. मालवणहून येताना ती ते बॅगेत घालूनच येते. चष्मा लावून तिनं डिसेंबरचं पान काढलं आणि म्हणाली, "मार्गशीर्षातलो शेवटचो गुरुवार २६ तारखेक. त्याच दिवशी एकादशी. उद्यापन खंय करतलंव ता आधी सांग."

ही २०२४ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत राहतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते आणि डिसेंबर उजाडला की बाबा घराबाहेर पडायचे बंद होतील हे मला दिसत होतं. अंगणात बर्फ नसला तरी वारा असा असतो की मालवणच्या माणसाचे गुडघे धरतात. मुलांना नाताळची सुट्टी होती, नवऱ्यालाही आठ दिवस मिळत होते. सहा माणसं, एक आठवडा, उबेला जायचं एवढं ठरलं.

माझ्या मुलीच्या, मनूच्या वर्गातल्या निम्म्या मुली ऑरलँडोला, डिस्ने वर्ल्डला चालल्या होत्या, त्यामुळे तिनं गृहीतच धरलं होतं की आपणही तिकडेच. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं तिथं जाऊन आलो होतो. मुलं खूश होती, ते खोटं कशाला सांगू. पण नाताळाच्या आठवड्यात एका दिवसाचं तिकीट माणशी दीडशे डॉलरच्या पुढं जातं आणि त्यातले कितीतरी तास रांगेत उभं राहण्यात जातात. बाबांना मी हे सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मी बाकार बसतलंय पिशये घेवन. तुमी जावा."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वर्षाआड कधीतरी येणारे आजोबा आठवडाभर बाकावर पिशव्या राखत बसणार, यासाठी मी विमानाची सहा तिकिटं काढणार नव्हते. मनूला जवळ बसवून तसंच सांगितलं. ती थोडी रुसली, मग तिनं विचारलं, "मग तिथं आजोबांना काय आवडेल?" आमच्या आखणीची सुरुवात खरं तर त्या प्रश्नापासून झाली.

पहिली गोष्ट मला कळली ती अशी की 'फ्लोरिडा म्हणजे गरम' हे डिसेंबरात अर्धंच खरं असतं. राज्य उत्तर-दक्षिण लांबलचक आहे. वर सेंट ऑगस्टीनला दुपारी वीस अंशांच्या आसपास, रात्री दहाच्याही खाली. खाली मायामीकडे दुपारी पंचवीस. मधूनच उत्तरेकडून थंडीची लाट येते आणि दोन-तीन दिवस सगळंच गारठवून जाते. म्हणून आम्ही वरून खाली यायचं ठरवलं: जॅक्सनव्हिलला उतरायचं, तीन रात्री सेंट ऑगस्टीन, मग गाडीनं थेट मायामीच्या खालचं होमस्टेड, आणि परतीचं विमान फोर्ट लॉडरडेलहून. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली की जास्तीचे पैसे पडतात. ते आम्ही दिले. त्यामुळे पाचशेहून जास्त किलोमीटर उलटं यायचं वाचलं, आणि दिवसागणिक ऊब वाढत गेली.

दुसरी गोष्ट शाळेतून आली. मनू चौथीत होती. अमेरिकेत चौथीतल्या प्रत्येक मुलाला राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा मोफत पास मिळतो, सप्टेंबर ते ऑगस्ट. संकेतस्थळावर मूल स्वतः एक छोटा उपक्रम पूर्ण करतं आणि मग कागद मिळतो. तेव्हा तो छापूनच न्यावा लागायचा, फोनवर दाखवून चालत नसे. जिथं गाडीमागे पैसे घेतात तिथं अख्खी गाडी त्या कागदावर आत जाते. जिथं माणशी तिकीट आहे तिथं मुलं आणि तीन मोठी माणसं. आम्ही मोठी चौघं, म्हणजे सेंट ऑगस्टीनच्या किल्ल्यावर एकच तिकीट काढावं लागलं, पंधरा डॉलरचं. एव्हरग्लेड्स या दलदलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर काहीच नाही. मनूनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या प्रवासभर स्वतःजवळ ठेवला आणि प्रत्येक फाटकावर स्वतः पुढे केला. तुमच्या घरी चौथीतलं मूल असेल तर ते वर्ष फुकट घालवू नका.

सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसवलं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर युरोपीय लोकांनी वसवलेलं आणि तेव्हापासून सलग वस्ती असलेलं हे सगळ्यात जुनं गाव. समुद्राच्या तोंडाशी कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला आहे. त्याचं काम १६७२ मध्ये सुरू झालं आणि १६९५ मध्ये संपलं. मी हे आकडे मोठ्यानं वाचत होते. बाबा थांबले. बाबा चाळीस वर्षं शाळामास्तर होते आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या समोरच्या किनाऱ्यावर वाढले.

"आमच्या किल्ल्याची पायाभरणी १६६४ ची," ते माझ्या मुलाला, ओमला म्हणाले, "आणि ६७ ला काम पुरं. म्हणजे तिथं महाराज आणि इथं हे स्पॅनिश, एकाच काळात समुद्राकडे तोंड करून भिंती बांधत होते."

ओम तेरा वर्षांचा आहे. आजोबा बोलायला लागले की त्याचा हात फोनकडे जातो. पण त्या भिंतीशी तो अर्धा तास उभा राहिला, कारण भिंत खरंच विलक्षण आहे. तिचा दगड, कोकिना, लाखो बारीक शिंपल्यांचा मिळून झालेला आहे. समोरच्याच अनास्तासिया बेटावरून तो खणून आणत. इतका मऊ की जवळून पाहिलं तर अख्खे शिंपले दिसतात. आणि या मऊपणामुळेच किल्ला टिकला. कठीण दगड तोफगोळ्यानं फुटतो, हा दगड दबतो आणि गोळा त्यात रुतून बसतो. १७०२ मध्ये इंग्रजांनी पन्नासएक दिवस वेढा दिला, गावातली माणसं किल्ल्यात येऊन राहिली, आणि इंग्रजांना भिंत पाडता आली नाही.

बाबा हात न लावता नाक भिंतीजवळ नेऊन बघत राहिले. मग मला हाक मारली. "हो दगड नाय गो, ही तिसऱ्यांची वडी आसा!" तिसऱ्या म्हणजे आमच्याकडचे खायचे शिंपले. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं, इथं शिंपले रचले, हे त्यांनी ओमला दोनदा समजावून सांगितलं. वर तोफांच्या गच्चीवर जायला जिना आहे. मी नको म्हणत होते. ते कठडा धरून, दर पाच पायऱ्यांना थांबत चढले.

दुसऱ्या दिवशी तिथून तीन-चार किलोमीटरवर असलेल्या फोर्ट मोझेला गेलो. तिथं तेव्हा मुख्यतः दलदल आणि लाकडी पूल होता, पण कॅरोलायनातून पळालेले गुलाम दक्षिणेकडे येऊन जिथं स्वतंत्र म्हणून राहिले ती ही जागा, १७३८ सालची. गुलाम पळून उत्तरेकडे जात, एवढंच ओमला शाळेतून माहीत होतं. तो गाडीत बराच वेळ गप्प होता. रात्री गावात दिवे बघितले. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत अख्खं जुनं गाव पांढऱ्या दिव्यांनी उजळलेलं असतं. नाताळात खिडकीत मेणबत्ती ठेवायची स्पॅनिश चाल होती, तिची ही आठवण. आईला सगळ्यात आवडलं ते तिथलं सूप, तिसऱ्यांचं, त्या गावच्या दातील नावाच्या मिरचीचं. तिखट असून गोडसर. मिरचीची एक बाटली मालवणला गेली.

२४ तारखेला पहाटे सहाला निघालो, कारण मला ब्लू स्प्रिंग या झऱ्याच्या उद्यानाला फाटक उघडायच्या वेळी, आठ वाजता पोचायचं होतं. सुट्टीत तिथं गाड्या भरल्या की फाटक बंद करतात आणि बाहेर ताटकळावं लागतं. आणखी एक कारण होतं. त्या दिवशी थंडी होती, आणि मला थंडी हवी होती.

तिथल्या झऱ्याचं पाणी जमिनीतून वर येतं ते बारा महिने साधारण २२ अंशांचं. शेजारची सेंट जॉन्स नदी हिवाळ्यात त्याहून थंड होते. मॅनाटी, म्हणजे समुद्रगाय, तीन मीटर लांब आणि चार-पाचशे किलोची असली तरी तिला थंडी सोसत नाही. पाणी २० अंशांच्या खाली गेलं आणि तसंच राहिलं तर ती आजारी पडून मरते. म्हणून नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्या नदी सोडून झऱ्यात येतात, आणि सकाळ जितकी गार तितकी तिथं गर्दी. आपण उबेसाठी आलेलो असताना गार सकाळची वाट बघायची, हे मी तारखा लावताना शिकले. उलट, उबदार दिवस मिळाला तर तो समुद्रावर घालवायचा. त्यामुळे बुकिंग फक्त घरांचं केलं, दिवसांचं नाही.

पाण्यावर वाफ होती. लाकडी रस्त्यावर उभं राहिलं की खाली स्वच्छ निळसर पाणी, आणि त्यात राखाडी ओंडक्यांसारख्या त्या एकमेकींना चिकटून पडलेल्या. दर काही मिनिटांनी एखादं नाक वर येई, फुस्स असा श्वास ऐकू येई आणि परत खाली. तिथं कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मनूनं त्यांच्या पुढच्या वल्ह्यांसारख्या हातांना नखं आहेत हे सगळ्यांच्या आधी पाहिलं, हत्तीच्या पायाला असतात तशी. हत्ती त्यांचा नातेवाईक आहे हे मी तिला नंतर सांगितलं. बऱ्याच जणींच्या पाठीवर पांढरे ओरखडे होते. मोटारबोटींच्या पंख्यांचे. संशोधक त्या व्रणांवरूनच एकेकीला ओळखतात. आई कठड्याला टेकून म्हणाली, "बिचारी," आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

रात्री होमस्टेडला पोचलो तेव्हा मागच्या अंगणात घरमालकिणीचं अख्खं कुटुंब जमलं होतं. त्या क्यूबाच्या. २४ ची रात्र त्यांच्याकडे मोठी, डुक्कर भाजतात, काळ्या घेवड्याचा भात करतात. आम्ही दमलेलो होतो, पण त्यांनी ताटं आणूनच दिली. त्यात एक उकडलेला पांढरा कंद होता, लसूण आणि आंबट संत्र्याचा रस ओतलेला. युका. आईनं घास घेतला, चव घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी फोनवर शोधलं. हा तोच कंद ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात.

२५ ला किल्ले, दुकानं, बरंच काही बंद असतं, म्हणून तो दिवस मी एव्हरग्लेड्ससाठी ठेवला होता. ते तेव्हाही उघडं असतं. डिसेंबर तिथला कोरडा ऋतू. डास कमी, आणि पाणी आटल्यामुळे सगळे प्राणी उरलेल्या पाण्याभोवती. अनहिंगा ट्रेल सव्वा किलोमीटरच्या आसपास, सपाट, चाकांची खुर्चीही जाईल असा. वाहनतळावर मोठ्या ताडपत्र्या ठेवलेल्या असतात, कारण काळी गिधाडं गाड्यांची रबरं ओढून काढतात. बाबांना ताडपत्रीपेक्षा गिधाडांचं अप्रूप. लहानपणी मालवणात पाहिलेली, आता दिसत नाहीत, असं म्हणत ते मान वर करून बघत राहिले.

एका वळणावर पंख पसरून उन्हात वाळवत बसलेला पक्षी दिसला. बाबा म्हणाले, तिरंदाज. पाटी म्हणत होती अनहिंगा. दोन्ही बरोबर, ते एकाच कुळातले. बाबा समोरच्या बाकावर बसले ते तास-दीड तास उठलेच नाहीत. खाली पाण्याकाठी मगरी, वर तो पक्षी, आणि अंगावर ऊन. मनू त्यांना चिकटून बसली होती. कोणाच्याही हातात पिशवी नव्हती.

गुरुवारी आम्ही कुठं गेलो नाही. म्हणजे फक्त फळांच्या दुकानात, 'रॉबर्ट इज हिअर' मध्ये. १९५९ साली सहा वर्षांच्या रॉबर्टनं वडिलांच्या शेतातल्या काकड्या त्या कोपऱ्यावर विकायला मांडल्या. दिवसभर कोणी थांबेना, म्हणून दुसऱ्या दिवशी 'रॉबर्ट इथं आहे' अशी मोठी पाटी लावली. मनूला ही गोष्ट फारच आवडली. आईनं पाच फळं निवडली, त्यात कमरख होतं. न्यू जर्सीत कलशासाठी तिनं आधीचे तिन्ही गुरुवार दुकानातल्या शोभेच्या पानांवर भागवले होते. होमस्टेडच्या अंगणात आंब्याचं झाड होतं. परवानगी विचारायला मी गेले, तर घरमालकीण स्वतः कात्री घेऊन आल्या आणि कोणती डहाळी हवी ते आईला खुणेनं विचारत राहिल्या. पेरूचीही दिली, लिंबाचीही.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या मेजावर पूजा मांडली. घरमालकीण आणि त्यांची सून आल्या. आईनं हळदीकुंकू लावून फळ हातात दिलं. पोथी मराठीत होती, तरी त्यांनी ती घेतली. जाताना सुनेनं कच्च्या युकाची पिशवी दिली. आईनं तो उकडला, तुपात जिरं घालून परतला, आणि गुरुवार-एकादशीचा उपास त्यावर झाला.

शुक्रवारी आम्ही कीजला, फ्लोरिडाच्या टोकाच्या बेटांवर जाणार होतो, बाहिया होंडाच्या समुद्रात मुलांना डुंबायचं होतं. सगळे गाडीत बसले. आई आली नाही म्हणून मी मागे गेले. ती आंब्याच्या बुंध्याशी उभी राहून कलशातलं पाणी ओतत होती, सावकाश, आळं नव्हतं तर बोटानं माती उकरून.