काळं पडलेलं बोट: आधी रक्तपुरवठा की आधी सुरी?

पायाचं बोट काळं पडलं की घरात पहिला प्रश्न येतो, "कापावं लागणार का?" त्याच्या आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. त्या पायात रक्त पोचतंय का? आणि आत पू आहे का? पुढचे सगळे उपचार कोणत्या क्रमानं करायचे, ते या दोन उत्तरांवर ठरतं. क्रम चुकला की बोटापुरतं दुखणं गुडघ्यापर्यंत जातं.

कोरड्या गँगरीनमध्ये (गँगरीन म्हणजे शरीराचा एखादा भाग मरणं) बोट सुरकुततं, कडक होतं, काळंठिक्कर पडतं. जिवंत आणि मेलेल्या भागात हळूहळू स्पष्ट रेषा दिसू लागते. वास नसतो, पू नसतो. धमनी बंद झाल्यानं हे होतं, जंतूंमुळे नाही. म्हणून जंतुसंसर्ग नसलेल्या कोरड्या बोटाला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि कोमट पाण्यात बुडवून ठेवणं तर घातकच. कोरडं ते कोरडंच ठेवायचं, बोटांमध्ये सुका गॉज, बस्स. इथे आधी रक्तपुरवठा आणि नंतर सुरी. रक्त न आणता बोट कापलं तर कापल्याची जखमच भरत नाही. तिची कड काळी पडते, मग चवडा जातो, मग पोटरी.

ओल्या गँगरीनमध्ये पाय सुजतो, लाल होतो, फोड येतात, घाण वास येतो. लाली जखमेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली, किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर, नाडी ९० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर गेल्या, तर उद्यावर टाकायचं नाही. इथे क्रम उलटा: आधी पू मोकळा करायचा, मेलेलं मांस काढायचं, आणि लगेच पुढच्या एक-दोन दिवसांत रक्तपुरवठ्याचं बघायचं. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, त्यामुळे शिरेतून दिलेलं औषधही तिथे पोचत नाही. सुरीला पर्याय म्हणून इंजेक्शनं वाढवत राहणं ही फार मोठी चूक आहे. मधुमेही माणसाला बधिरपणामुळे दुखतही नाही, कधी तापही येत नाही. औषधं तीच, जेवण तेच आणि साखर एकदम ३०० च्या वर, एवढीच खूण असते. अशा वेळी मोजे काढून पाय बघा.

रक्त पोचतंय का, हे नुसत्या हातानं कळत नाही. पायाच्या पाठीवरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी लागते का, हे तपासावंच. पण सूज असेल तर ती नीट लागत नाही. खरी प्राथमिक चाचणी घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाची. रुग्णाला पाच-दहा मिनिटं उताणं झोपवायचं. कफ घोट्याच्या वर बांधायचा, जेल लावून हातातल्या डॉपलरची (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राची) टोकणी तिरकी धरायची आणि दोन्ही जागी दाब मोजायचा. त्यातला मोठा आकडा घ्यायचा आणि दोन्ही दंडांतल्या मोठ्या आकड्यानं भागायचं. घोट्याला ७०, दंडाला १४०, म्हणजे ०.५. ०.९ च्या खाली धमनी अरुंद आहे असं धरतात, ०.४ च्या खाली पाय धोक्यात.

चूक कुठे होते? दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. नळी कडक होते, कफ तिला दाबूच शकत नाही आणि उत्तर १.४ किंवा त्याहून जास्त येतं. ते बघून "पाय उत्तम" म्हणणारा रिपोर्ट फसवा असतो. मग अंगठ्याला छोटा कफ लावून दाब मोजायचा: ६० मिमीच्या वर असेल तर ठीक, ३० च्या खाली असेल तर जखम भरण्याची आशा फार कमी. घोट्याला स्टेथोस्कोप लावून दाब घेतलेला असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा किंवा खासगीत, बोट कापायचा कागद सही करण्याआधी हे दोन आकडे मागा. नातेवाइकांनी ते विचारण्यात कुठलाही उद्धटपणा नाही.

पू तपासायला पाठवतानाही एक गोष्ट सांभाळायला हवी. वरच्या वर कापूस फिरवून घेतलेला नमुना त्वचेवरचे उपरे जंतू दाखवतो. आधी जखम धुवायची, मेलेला थर काढायचा आणि आतल्या मांसाचा छोटा तुकडा पाठवायचा. आपल्याकडच्या उष्ण हवेत स्यूडोमोनाससारखे जंतू पायाच्या जखमेत जास्त सापडतात, त्यामुळे परदेशी पुस्तकातलं औषध जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

गॅस गँगरीन वेगळं प्रकरण आहे, आणि ऊस, माती, ट्रॅक्टर, कोयता यांच्या मुलखात ते ओळखता यायला हवं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू मातीत असतो. १८९२ मध्ये वेल्च आणि नटॉल यांनी त्याचं वर्णन केलं. हवा न पोचणाऱ्या चिरडलेल्या मांसात तो दहा मिनिटांच्या आतबाहेर दुप्पट होतो. त्याचं अल्फा विष पेशींच्या आवरणातलं लेसिथिन फोडतं. लक्षण असं: जखम दिसते त्यापेक्षा वेदना कितीतरी जास्त, कातडी आधी फिकट, मग तपकिरी, आणि बोटानं दाबलं तर खाली कुरकुर. एक्स-रेमध्ये स्नायूंच्या आत वायूच्या रेघा दिसतात. पण रेघा दिसेपर्यंत थांबू नये. ऑपरेशन तासांत व्हायला हवं. सोबत पेनिसिलिन दर चार तासांनी ३० ते ४० लाख युनिट आणि क्लिंडामायसिन ६०० ते ९०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी. क्लिंडामायसिन का? १९८७ मधल्या प्रयोगांत दिसलं की ते जंतूचं विष बनवणंच थांबवतं. पेनिसिलिन एकट्यानं तेवढं करत नाही. दाबाच्या ऑक्सिजन कक्षाचा वापर १९६१ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये सुरू झाला. मदत होत असेल, पण कक्ष शोधण्यात सुरीचा वेळ घालवू नये.

हे टाळायचं असेल तर चिखलानं भरलेली खोल जखम भरपूर वाहत्या पाण्यानं किंवा सलाइननं धुवायची, मेलेलं मांस काढायचं आणि लगेच टाके घालायचे नाहीत. ती उघडी ठेवून तीन ते पाच दिवसांनी शिवतात. वर हळद, चुना, तंबाखू दाबून बसवली की आतली हवा बंद होते आणि जंतूला हवी तशी जागा तयार मिळते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच, पण ते गॅस गँगरीनपासून वाचवत नाही.

तरुण माणसाची बोटं काळी पडत असतील, मधुमेह नसेल आणि खिशात बिडी असेल तर बुर्गरचा आजार मनात धरावा. लिओ बुर्गर यांनी तो १९०८ मध्ये सविस्तर मांडला. लहान धमन्या आणि शिरा सुजून गुठळ्यांनी बंद होतात. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे सांगितलंच पाहिजे, की यात तंबाखू पूर्ण बंद हा एकच ठाम उपचार आहे. "दिवसाला दोनच ओढतो" चालत नाही. चघळायची तंबाखू आणि मिश्रीही त्यात येते.

रक्तपुरवठा आणायचा कसा, यावर गेल्या काही वर्षांत मोठं काम झालं आहे. वाटा दोन: बायपास, म्हणजे पायाचीच शीर जोडून बंद धमनीला वळसा देणं, किंवा धमनीत बारीक नळी घालून फुग्यानं ती उघडणं. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत पायाची स्वतःची चांगली लांब शीर उपलब्ध असलेल्या १,४३४ रुग्णांत बायपासनंतर पायाची मोठी हानी किंवा मृत्यू ४२.६ टक्क्यांत झाला, नळीतून केलेल्या उपचारानंतर ५७.४ टक्क्यांत. म्हणजे बायपास सरस? पुढच्याच वर्षी बेसिल-२ चाचणीत, गुडघ्याखालच्या धमन्या बंद असलेल्या ३४५ जणांत, उलटं दिसलं: घोट्याच्या वरून पाय कापणं किंवा मृत्यू बायपासनंतर ६३ टक्के, नळीच्या उपचारानंतर ५३ टक्के, आणि फरक मुख्यतः मृत्यूंमुळे. माझ्या मते यातून एकच पक्कं घेता येतं. हृदय आणि किडनी धड असेल, तर "फुगा की बायपास" ठरवण्याआधी मांडीच्या शिरेची सोनोग्राफी झालीच पाहिजे. हृदय कमकुवत असेल तर फुग्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं. अँजिओग्राफीआधी क्रिएटिनिन तपासून घ्या, कारण त्यातला रंग किडनीला झेपावा लागतो.

स्टेम सेलच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. नेदरलँड्समधल्या २०१५ च्या जुव्हेन्टास चाचणीत १६० रुग्णांना अस्थिमज्जेच्या पेशी किंवा नुसतं द्रावण धमनीतून दिलं. घोट्याच्या वरून पाय कापण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. लाखभर रुपये त्यात घालण्याआधी व्हॅस्क्युलर सर्जनचं मत घ्या.

कापणं अटळ असेल तेव्हाही गुडघा वाचवण्यासाठी भांडावं. गुडघा शाबूत असला तर कृत्रिम पायानं चालायला लागणारा दम मांडीतून कापलेल्यापेक्षा बराच कमी असतो, आणि म्हातारा माणूस घरात तरी स्वतः फिरतो.

बहुतेक गँगरीनची सुरुवात मात्र फार साध्या ठिकाणी होते. १९९० च्या एका अमेरिकन अभ्यासात मधुमेहींचे पाय कापल्याच्या ८० घटना तपासल्या. ८४ टक्क्यांत आधी पायाला न भरणारी जखम होती. आपल्याकडे ती जखम कशी होते? चैत्रात जोतिबाच्या तापलेल्या दगडांवर अनवाणी चालून, गरम पाण्याच्या पिशवीनं, पुराच्या पाण्यात भिजून बोटांच्या बेचक्यात पडलेल्या भेगांनी, ब्लेडनं घरीच कुरूप कापून. कोल्हापुरी चप्पल देखणी, पण बधिर पायाला तिच्या अंगठ्याचा पट्टा घासतो आणि टाच उघडीच राहते. चप्पल पायातून निसटते आणि माणसाला कळत नाही, हे बधिरपणाचं ठळक लक्षण आहे. अशांनी मागून पट्टा असलेली, आत मऊ थराची, पुढे रुंद अशी पादत्राणं वापरावीत आणि घालण्याआधी आत हात घालून खडा, खिळा बघावा. रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवा पाहायचा, खोबरेल लावायचं, पण बोटांच्या बेचक्यात नाही. १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉन तंतूनं तळव्याच्या स्पर्शाची चाचणी वर्षातून एकदा, आणि स्पर्श कळत नसेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी पायाची तपासणी करून घ्यायची.