खोटं बोलला नाही म्हणून आत गेला

आज कोर्टातून आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहून काढतेय. मी वकील, माझं चेक बाउन्सचं मॅटर बोर्डावर बरंच खाली होतं, तोवर मागच्या बाकावर बसून एका जुन्या मारहाणीच्या केसमधल्या साक्षी ऐकत होते. धुऱ्याचा म्हणजे शेताच्या बांधाचा वाद, भादंविचं कलम ३२४ (हत्यारानं दुखापत), शेजारच्याच्या हातावर विळ्याचा वार, आरोपी गावातल्या एका मोठ्या कास्तकाराचा मुलगा. आमच्या यवतमाळकडे असल्या केसेस काही नवीन नाहीत.

पहिला साक्षीदार आला, शपथ घेतली आणि सांगून मोकळा झाला की मी त्या दिवशी वावरात नव्हतोच, पोलिसांनी जबाबात काय लिहिलं मले माहीत नाही. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाला, म्हणजे उलटला, म्हणून उलटतपासणीची परवानगी घेतली, थोडे उलटे प्रश्न विचारले, संपलं. पाच मिनिटांत तो बाहेर टपरीवर आरोपीच्याच माणसांसोबत तर्री पोहे खात होता, त्याला कोणी काही केलं नाही.

दुसरा त्याच कास्तकाराचा सालगडी, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. घटना पाहिली का? गप्प. शपथ घेतलीय, तुम्ही तिथं होता का नव्हता एवढं तरी सांगा, न्यायाधीश साहेब स्वतः म्हणाले, आवाज न चढवता. तो म्हणाला, "मले काही इचारू नका जी साहेब." बस, एवढंच. वेचणीनं नखांजवळ चिरा पडलेल्या बोटांनी त्यानं पिंजऱ्याची पट्टी घट्ट धरलेली, आणि मालक माझ्याच बाकावर, हातभर अंतरावर, मोबाईल पाहत बसलेला. साहेबांनी समजावून सांगितलं की उत्तर न देणं गुन्हा आहे, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा उभं केलं, का बोलत नाही ते तरी सांगा म्हणाले, तेव्हाही गप्प. मग ऑर्डर डिक्टेट झाली, सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३४९, तीन दिवस साधी कैद, मधे बोलायला तयार झाला तर लगेच सुटका.

बाहेर सगळे म्हणून राहिले होते की कोर्टाचा अवमान केला म्हणून टाकला. १९७१ चा अवमानाचा कायदा वेगळा, त्यात सहा महिने कैद आणि २००० रुपये दंडापर्यंत शिक्षा आहे आणि खालच्या कोर्टाच्या अवमानाचं प्रकरणही हायकोर्टात, म्हणजे आमच्यासाठी नागपूर खंडपीठात चालतं. ३४९ चा हेतू साक्षीदाराला बोलतं करायचा, जास्तीत जास्त ७ दिवस. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसमध्ये तेच कलम ३८८ म्हणून आलंय, ही केस जुनी म्हणून जुना नंबर. ऑर्डर कायद्याला धरून आहे आणि साहेब सूडानं वागले असं मी मुळीच म्हणत नाही, साक्षीदार गप्प बसायला लागले तर ज्याच्या हातावर वार झाला त्यानं कुठं जायचं?

पण माझं मन तिथं अडतं की त्या हॉलमध्ये आज जो खोटं बोलला तो घरी गेला आणि ज्याच्या जिभेवर खोटं आलंच नाही तो पोलिसांच्या गाडीत बसला. खोट्या साक्षीलाही शिक्षा आहे की, सीआरपीसीच्याच ३४४ खाली तीन महिन्यांपर्यंत, निकालाच्या वेळी कोर्टानं तसं नमूद केलं तर. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी जळिताच्या केसमध्ये २००६ साली सुप्रीम कोर्टानं मुख्य साक्षीदार झाहिरा शेखला जबाब फिरवल्याबद्दल एक वर्ष कैद आणि ५० हजार दंड केला होता. तालुक्याला असं काही होताना मी तरी पाहिलं नाही. फितूर झाला, लिहून घ्या, नेक्स्ट.

त्याची बायको व्हरांड्यात डबा घेऊन बसली होती. म्हणाली, "खोटं त्याइच्यानं बोलवत नाई मॅडम, अन् खरं बोललं तं राहाव कुठी? घर मालकाच्या वाडीत, उचल घेतलेली, पाडव्याले साल कोण ठेवन?"

मी काय सांगणार तिला. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं देशभर योजना लागू केली, त्यात जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलीस धोक्याचा अहवाल देणार, पहारा, गरज पडली तर राहायची जागा बदलून देणार. पण त्या योजनेतले गुन्हे म्हणजे फाशी, जन्मठेप, सात वर्षं आणि वरचे, शिवाय बायकांवरचे काही. ३२४ ला तीनच वर्षं, म्हणजे धुऱ्यावरचा साक्षीदार त्यात बसतच नाही, आणि गावातल्या जास्तीत जास्त साक्षी असल्याच केसमधल्या असतात. आणि पहारा दिला तरी साल कोण देणार, उचल कोण फेडणार? विळ्याची भीती एक वेळ पोलीस घालवतील, पोटाची कोण घालवेल?

मला खरंच वाटतं की शिक्षेआधी मालकाला आणि त्याच्या माणसांना हॉलबाहेर बसवून सालगड्याला एकट्याला विचारायला पाहिजे होतं. न बोलायचं वाजवी कारण सांगायची संधी द्या असं ३४९ च म्हणतं, आणि ज्याची भीती आहे तो पाठीमागे बसलेला असताना दिलेली संधी कसली? त्याच्या बायकोनं वकालतनामा भरून आणायला पोराला जेलकडे पाठवलंय. ३५१ खाली अपील होतं, उद्या यवतमाळला सेशन्समध्ये टाकतेय, शिक्षा थांबवायच्या अर्जासकट. स्टे मिळेस्तोवर तीन दिवस होऊनही जातील कदाचित, तरी टाकणार, कारण मागच्या बाकावर कोण बसलं होतं ते मला रेकॉर्डवर पाहिजे.