आमची वाटचाल: ईगल ते कीकॅड ९, आणि अजून काय हवे

आमच्याकडे पंपाचे स्टार्टर आणि पाण्याच्या टाकीचे लेव्हल कंट्रोलर बनतात. त्यांचे सर्किट बोर्ड साधे असतात: तांब्याचे दोन लेयर, १.६ मिमी जाडी, दोन-तीन रिले, एक मायक्रोकंट्रोलर. सुरुवात ईगल या बोर्ड-डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीवर झाली. तिच्यात १०० × ८० मिमीच्या पुढे बोर्ड जात नसे आणि थ्री-फेज स्टार्टरला तेवढी जागा पुरत नाही. २०१८ मध्ये आलेले कीकॅड ५ (त्याच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर) ईगलच्या फाइली थेट उघडू लागले, तेव्हा सगळी जुनी डिझाइन्स हलवली. हलवल्यावर कॉपर झोन, म्हणजे तांब्याने भरायच्या जागा, पुन्हा भरायचे (बी की) आणि नेटक्लासचे (एकाच नियमाच्या जोडण्यांच्या गटाचे) क्लिअरन्स, म्हणजे राखायचे अंतर, हाताने तपासायचे, हे तेव्हापासून ठरलेले.

आता आम्ही कीकॅड ९ वर आहोत. या आवृत्तीने आमचे एक मोठे काम हलके केले: क्रीपेजची, म्हणजे दोन जोडण्यांत बोर्डच्या पृष्ठभागावरून पडणाऱ्या अंतराची, तपासणी. रिलेच्या कॉन्टॅक्टवर २३० व्होल्ट आणि शेजारी ५ व्होल्टची कॉइल. या दोघांत आम्ही ६ मिमी ठेवतो, जागा नसेल तर मध्ये खाच पाडतो. पूर्वीची डीआरसी (डिझाइनचे नियम तपासणारी सोय) फक्त सरळ अंतर मोजायची. आता कस्टम रूलमध्ये मेन्सचा नेटक्लास आणि लो-व्होल्टेजचा नेटक्लास यांच्यात क्रीपेज लिहिले, की खाचेला वळसा घालून पृष्ठभागावरचे अंतर मोजले जाते. खाच मात्र एज कट्स (बोर्ड कापायच्या रेषांच्या) लेयरवरच काढायला हवी. सिल्कवर (छपाईच्या लेयरवर) काढली तर बोर्डवर पांढरी रेघ छापून येते, खाच पडत नाही.

रिलेच्या १० अँपिअरच्या ट्रॅकसाठी कीकॅडमधला कॅल्क्युलेटर १० अंश तापमानवाढीला, एक औंस जाडीच्या तांब्यावर, सुमारे ७.२ मिमी रुंदी सांगतो. दोन औंसवर ती निम्मी होते. आम्ही एक औंसच घेतो आणि ट्रॅकवरचे मास्क (वरचा संरक्षक थर) उघडे ठेवून वर सोल्डर चढवतो, स्वस्त पडते.

तक्रार कीकॅडच्या तयार भागांच्या लायब्ररीपासून सुरू होते. टीओ-९२ ट्रान्झिस्टरच्या नेहमीच्या इनलाइन फूटप्रिंटमध्ये (भागाच्या पायांसाठी बोर्डवर आखलेल्या पॅडच्या नकाशात) पायांतले अंतर १.२७ मिमी आहे. दोन पॅडमधली फट पाव मिलिमीटरही उरत नाही, वेव्ह सोल्डरिंगला हमखास ब्रिज होतो (दोन पॅड सोल्डरने जुळतात). 'वाइड' नावाचा फूटप्रिंट २.५४ मिमीचा, तो घ्यावा. दुसरा घोळ पायांच्या क्रमाचा: बीसी५४७ ला पहिला पाय कलेक्टर, पीएन२२२२ ला पहिला पाय एमिटर. डब्बा तोच, डीआरसी गप्प. सिम्बॉल (सर्किटच्या आकृतीतले भागाचे चिन्ह) आणि फूटप्रिंट जोडतानाच सॉफ्टवेअरने पायांची नावे शेजारी-शेजारी दाखवावीत, एवढीच मागणी आहे. सध्या आम्ही तपासलेल्या भागांची वेगळी लायब्ररी ठेवतो. मूळ लायब्ररीतून थेट काही उचलायचे नाही.

सगळ्यात मोठी उणीव व्हेरिएंटची. एकाच बोर्डवर सिंगल-फेज आणि थ्री-फेज असे दोन माल निघतात, काही भाग कमी-जास्त बसतात. ९ मध्ये प्रत्येक भागाला 'बसवू नये' अशी एकच खूण आहे, मालागणिक वेगळी नाही. आम्ही सिम्बॉलला एक जादा फील्ड देतो, त्यात '१' किंवा '३' लिहितो आणि बॉम (भागांची यादी) त्यावरून गाळतो. पण प्लेसमेंट फाइलमध्ये (कोणता भाग कुठे बसवायचा ते सांगणाऱ्या) हे फील्ड येतच नाही. बॉम सिंगल-फेजचा, प्लेसमेंट थ्री-फेजची, आणि असेंब्लीवाल्याचा फोन. त्यामुळे प्रत्येक मालासाठी खुणा बदलून, फाइली काढून, खुणा परत पूर्ववत करायच्या. विसरायला एवढे पुरे आहे.

बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या ड्रिल (भोकांच्या) आणि गर्बर (लेयरच्या) फाइली, दोन्हींना ओरिजिन (मोजणीचा शून्य बिंदू) एकच निवडायचा. एकीकडे अ‍ॅब्सोल्यूट, दुसरीकडे ड्रिल ओरिजिन राहिला की भोके पॅडपासून सरकतात. ९ मधल्या जॉबसेटमध्ये (फाइली काढायच्या जतन केलेल्या सेटिंग्जमध्ये) हे एकदा बसवून ठेवता येते, हा फायदा मोठाच.

सिल्कवर 'टाकी भरली', 'चालू', 'बंद' मराठीत छापतो. आवृत्ती ७ पासून बाहेरचे फॉन्ट चालतात आणि जोडाक्षरेही नीट येतात. बारीक रेघांचा फॉन्ट घेऊ नये, ०.१५ मिमीच्या खाली शिरोरेघ तुटते. फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करावा, नाहीतर दुसऱ्या पीसीवर अक्षरे बदलतात.

पॅनेलची (अनेक बोर्ड एकत्र जोडून बनवायची) सोय कीकॅडच्या आत नाही. किकिट नावाचे प्लगिन ते काम चांगले करते, पण पॅनेल झाल्यावर कुठे काय मोडेल हे कुणी सांगत नाही. व्ही-कटच्या (बोर्ड वेगळे तोडायच्या खाचेच्या) रेषेजवळ सिरॅमिक कपॅसिटर असला की बोर्ड तोडताना त्याला आतून तडा जातो, टेस्टिंगमध्ये पास होतो आणि चार महिन्यांनी शॉर्ट होतो. आम्ही कडेपासून ५ मिमीची पट्टी रूल एरिया म्हणून आखतो, तिथे भाग ठेवायला बंदी. जिथे टाळताच येत नाही तिथे कपॅसिटरची लांब बाजू कटच्या रेषेला समांतर ठेवतो.