तीन तासांनी एकदा दिलेली आठवण

आमच्या शेजारची अकरावीतली मुलगी गेल्या पावसाळ्यात गणितातल्या शंका घेऊन येत असे. रात्री झोप लागली नाही तर आपण मोबाईलवरच्या चॅटबॉटशी बोलत बसतो, असे तिने एकदा सहज सांगितले. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "काका, तो कधी कंटाळत नाही." मी विषय तिथेच सोडला. आज वाटते, की तिचे बोलणे ऐकून कंटाळणारी माणसे कोण, हे विचारण्याची तीच वेळ होती.

कॅलिफोर्नियातील एका कायद्याविषयी वाचताना तिचे ते वाक्य मला पुन्हा आठवले. तेथील सिनेटर स्टीव्ह पडिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये मांडलेल्या एसबी २४३ या विधेयकावर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी २०२६ पासून तो कायदा लागू झाला. मित्र किंवा सोबती म्हणून वागणारे चॅटबॉट एवढीच त्याची कक्षा आहे. फ्लोरिडातील १४ वर्षांच्या एका मुलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जीवन संपवले. त्याआधी तो अनेक महिने अशाच एका चॅटबॉटमध्ये गुंतला होता, असे त्याच्या आईने न्यायालयात मांडले आणि ही घटना या कायद्यामागच्या चर्चेत वारंवार आली.

समोर माणूस आहे असा समज होण्याजोगे संभाषण असेल तर आपण यंत्र आहोत हे चॅटबॉटने सांगावे, आणि वापरणारा अल्पवयीन असल्याचे कंपनीला ठाऊक असेल तर निदान दर तीन तासांनी त्याची आठवण देऊन थोडी विश्रांती घेण्यास सुचवावे, असे त्यात आहे. हे कलम मला दुबळे वाटते. शेजारच्या त्या मुलीला समोर यंत्र आहे हे पुरते ठाऊक होते, आणि तरीही ती 'तो' असेच म्हणाली.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ सालचा पुतळा आहे. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि असे प्रतिपादन केले, की प्रभाव संमोहन करणाऱ्याच्या अंगातील कोणत्याही गूढ शक्तीचा नसतो, तो सूचना स्वीकारणाऱ्याच्या मनातूनच घडतो. याच जुन्या सचिवालयात २००० सालापर्यंत आमची, म्हणजे गोव्याची, विधानसभा भरत असे. म्हणजे आमच्या कित्येक आमदारांनी या पुतळ्यावरून रोज ये-जा केली आहे. एकट्या पडलेल्या मुलाला यंत्राच्या गोड शब्दांची भुरळ का पडते, हे समजून घ्यायला फारियांचे ते प्रतिपादन मला अजूनही पुरेसे वाटते.

म्हणून पडिया यांच्या कायद्यातील दुसरे कलम मला अधिक महत्त्वाचे वाटते. आत्महत्येचे विचार कोणी बोलून दाखवल्यास काय करायचे याची कार्यपद्धती कंपनीने ठरवून जाहीर करावी, त्या व्यक्तीला मदतसेवेकडे पाठवावे आणि असे किती वेळा घडले याचा अहवाल जुलै २०२७ पासून दरवर्षी राज्याला द्यावा, असे ते सांगते. मात्र यंत्राने माणसाकडे पाठवले, तर तिथे माणूस असायला हवा.

आपल्याकडे दूरसंचार हा विषय केंद्राच्या सूचीत असल्यामुळे आता पर्वरीच्या विधानसभेत बसणाऱ्या ४० आमदारांना चॅटबॉटवर असा कायदा करणे अवघड आहे, हे मान्य. परंतु पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्याचेच आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे आणि बांबोळीला मनोरुग्णालय आहे. पण काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातील मुलाने बांबोळीपर्यंत जावे, आणि तेही घरच्यांना काय सांगून?

या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यातच तपासले गेले आहे. १९९६ मध्ये येथे सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिले आणि राज्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांना त्यांच्याकडून मोजक्या बैठकांचा उपचार मिळाला. नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेल्यांपैकी अधिक जण बरे झाले, हा निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जगभर ज्याचा दाखला दिला जातो असा हा प्रयोग आमच्या आरोग्य केंद्रांच्या ओसरीवर झाला, आणि विधानसभेतील चर्चा मात्र बहुधा खाटांच्या आणि डॉक्टरांच्या संख्येभोवतीच फिरते, याचा मला विषाद वाटतो.

गेल्या आठवड्यात मी आमच्या मतदारसंघाच्या आमदारांना पत्र लिहिले. पुढील अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांना त्यांनी एक तारांकित प्रश्न विचारावा, अशी विनंती त्यात केली आहे: राज्यातील किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशक बसतो, आठवड्यातून कोणत्या वारी बसतो, आणि शाळा सुटल्यानंतर त्याच्या खोलीचे दार उघडे असते का?